उर्होच्या मचाणाखालचा डबा

हॉकीच्या रबरी चकत्यांनी भरलेली बादली माणसाच्या तोंडावर बसली की कसला आवाज येतो, ते ऑस्बर्न गावानं मार्चमधल्या एका शनिवारी भर सामन्यात ऐकलं. बादली लेम्पी कांगासची, तोंड क्रेग व्हँडरकोकचं. व्हँडरकोक हा विमा विकणारा गडी, पुलापलीकडून, दक्षिणेकडच्या शहरातून येऊन राहिलेला. पंचानं त्याच्या पोराला खेळातून बाहेर काढलं म्हणून तो कठडा ओलांडून बर्फावर उतरला आणि म्हाताऱ्या पंचाच्या कानशिलात त्यानं बुक्की घातली. दुसरी घालायला हात मागं नेला, तेवढ्यात लेम्पी पोचली.

दोन दात पडले. लेम्पीनं ते फावड्यावर घेऊन कचऱ्यात टाकले आणि गुडघ्यावर बसून बर्फावरचं रक्त खरवडायला लागली. पुढचा सामना खोळंबला होता.

मी लेम्पीच्याच खात्यात आहे. गावची उद्यानं आणि मनोरंजन बघणारं सरकारी खातं. आम्ही त्याला नुसतं बागखातं म्हणतो. उन्हाळ्यात मी गवत कापतो, हिवाळ्यात बर्फ ढकलतो. हॉकीच्या मैदानाचा, म्हणजे रिंकचा बर्फ मात्र लेम्पीचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. ऊन पाण्याचा एक पातळ थर ओतायचा, तो धरला की त्यावर दुसरा, असं करत ती काच तयार करायची. त्यात एक बुडबुडा दिसला तर आईबापावरून शिव्या द्यायची. कुणाच्या? बुडबुड्याच्या.

तिला त्या जागेची एवढी ओढ का, ते गावाला ठाऊक होतं. तिचा बाप वाइनो लाकूडतोड्या. संध्याकाळी घरी आला की पट्टा सोडायचा. आधी बायकोला, मग लेकीला. सोळाव्या वर्षी लेम्पीनं चुलीजवळचा बर्चचा ओंडका उचलला आणि बापाच्या गुडघ्यावर घातला. वाइनो मरेपर्यंत लंगडला. त्याच दिवशी त्यानं तिला बाहेर काढलं, तेव्हा रिंकच्या राखणदारानं तिला यंत्रखोलीत जागा दिली. बाहेर झाडं तडकतील अशी थंडी आणि ती खोली मात्र ऊन. पोरगी तिथं झोपली, तिथंच वाढली आणि राखणदार गेल्यावर किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. मधे आर्ने नावाच्या एकाशी लग्न झालं. त्यानं एकदाच हात उगारला. लेम्पीनं तो हात सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या दाराच्या फटीत धरून दार लावलं. बोटं बरी झाल्यावर आर्ने डुलुथला निघून गेला, आणि तिकडून दर नाताळला कार्ड पाठवायचा. डाव्या हातानं लिहिलेलं.

तर दात पडल्यावर खात्याच्या मुख्य बाई डार्लीन प्लूफ यांनी तिला बोलावलं. मी बर्फगाडीची चावी द्यायला गेलो होतो, तो दारातच थांबलो.

"लेम्पी, बैस."

"हुबी बरी हाय."

"त्यांच्या वकिलाचा फोन आला होता."

"दात मागतोय का? कचऱ्याच्या गाडीत गेलं म्हणावं."

डार्लीनबाईंनी कपाळ चोळलं. "गावच्या समितीला तुला आजच काढायचं होतं. मी त्यांना नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबवलंय. तोवर तुला एक नवीन काम करायचंय. जिओकॅशिंग."

"ते काय असतंय?"

"डबा जंगलात लपवायचा. ती जागा जीपीएसच्या आकड्यांत नेटवर टाकायची. लोक फोन घेऊन शोधत येतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवून जायचं."

"डबा घरी न्यायचा न्हाई?"

"नाही."

"आत खायला काय असतंय?"

"खायला नाही. खेळणी, बिल्ले असतात. एखादा घ्यायचा, आपला एखादा ठेवायचा."

लेम्पीनं माझ्याकडं बघितलं, परत बाईंकडं बघितलं. "म्हंजे मोठी मोठी मानसं दलदलीत येऊन डास खाणार, नाव लिवणार आन मोकळ्या हातानं घरला जाणार?"

"आणि जाताना आपल्या गावात जेवणार, मुक्काम करणार. इतर गावांत जमलंय. लोक आले पाहिजेत, लेम्पी. आणि कुणावर हात टाकायचा नाही. टाकलास तर रिंकच्या किल्ल्या या टेबलावर. कायमच्या. समितीपुढं मग माझं काही चालणार नाही."

लेम्पीनं कमरेचं किल्ल्यांचं जुडगं मुठीत धरलं. मग म्हणाली, "डबं कुठायत?"

डबे म्हणजे लष्कराचे गोळ्या ठेवायचे जुने लोखंडी डबे. उन्हाळाभर आम्ही ते खरवडले, हिरवे रंगवले, झाकणावर खात्याचं नाव घातलं. लपवायचं काम तिचं. नेटवरच्या सूचना तिनं वाचल्या नाहीत. तिला जंगल ठाऊक होतं तसे तिनं डबे ठेवले. एक बंद खाणीच्या कुंपणापाशी, एक धबधब्यामागच्या कपारीत, एक सीडरच्या मुळांत, आणि एक उर्हो साल्मीच्या मचाणाखाली.

या मचाणाचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं जंगल सरकारचं, पण मचाण घराण्याचं. कागद कुठं नाही. आजा ज्या झाडावर हरणासाठी बसला तिथं बाप बसतो, बापाच्या मागं लेक, लेक नसला तर पुतण्या. माझ्या चुलत्याच्या मचाणात एकदा एक परका बसलेला सापडला. चुलत्यानं त्याच्या ट्रकच्या चारी चाकांत गोळ्या घातल्या. शेरीफ आला, सगळं ऐकून घेतलं आणि त्या परक्यालाच म्हणाला, नवी चाकं कुठं मिळतात ते दाखवतो, चल.

उर्हो फेब्रुवारीत मेला होता. मचाणापाशी डबा हातात धरून लेम्पीनं मला विचारलं, "वॉल्या, ह्याचं कोण हाय का मागं?"

"लगीनच केलं न्हाई त्यानं. लेक कुठनं येणार?"

"पुतण्या?"

"भाऊच नव्हता."

"मग मोकळं हाय." तिनं शिडीच्या बुडाशी डबा सरकवला, वर साल टाकली.

सप्टेंबरात उद्घाटन झालं. वाटलं नव्हतं इतकी माणसं आली. आता या खेळात एक खोड आहे. नवा डबा उघडला की वहीत पहिलं नाव कुणाचं, यावर माणसं जीव टाकतात. धबधब्याच्या डब्यावर टपालवाला टाउनो लाहती आणि शाळेची बस चालवणारा गॉर्डी एकाच वेळी पोचले. दोघंही पन्नाशीचे, दोघंही चर्चच्या एकाच बाकावर बसणारे.

"म्या आधी बघितला!"

"बघून काय व्हतंय? हात माजा लागलाय!"

"तुजा हात लागला तर पत्रंसुदीक हरवत्यात!" असं गॉर्डी म्हणाला. टाउनोला ते लागलं आणि त्यानं गॉर्डीचा गळा धरला. दोघं खडकावरून घसरून चिखलात गेले. गॉर्डीनं वर येताना टाउनोचा कान दातात धरला. टाउनो बोकडासारखा ओरडला आणि त्यानं दगड घेऊन गॉर्डीच्या बरगडीत हाणला. बायका किंचाळल्या. पुलापलीकडून आलेली माणसं फोटो काढायला लागली.

लेम्पी काठावर. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात, इतके खोल की शिवण उसवायला आली. जबडा दगडासारखा. मला वाटलं, गेल्या किल्ल्या. पण ती वळली, कपारीत गेली, डबा उघडला, पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि वही वर धरून ओरडली, "लेम्पी कांगास! पयलं नाव! आता चावा एकमेकाला!"

चिखलातले दोघं थांबले. कान दातातनं सुटला. टाउनो रडकुंडीला येऊन म्हणाला, "हे चालत न्हाई लेम्पी, डबा तुजाच हाय!" कानातनं रक्त गळत होतं, आणि तक्रार मात्र वहीची.

डार्लीनबाई खूष झाल्या. मग ऑक्टोबर लागला आणि उर्होच्या मचाणाखालचा डबा फुटला.

पहिल्यांदा कुऱ्हाडीनं. झाकण ते बूड, एका घावात उभा चिरलेला. लेम्पीनं दुसरा ठेवला. आठवड्यानं पुलापलीकडचं एक कुटुंब तिथं गेलं. आईनं पोरांना सांगितलं, डोळे मिटा, मी उघडते. आत हरणाची आतडी गच्च भरलेली, त्यात वळवळणारे किडे. ती बाई तिथंच ओकली आणि ऑफिसात येऊन पुन्हा ओकली. तिसऱ्या डब्याची गोळ्या घालून चाळणी केली होती. वही आत तशीच, प्रत्येक पानाला भोक.

"व्हँडरकोक," लेम्पी म्हणाली.

"कशावरनं?"

"परवा दुकानात नवं दात काढून हसत होता. म्हणाला, तुझे डबे टिकतात का बघू. मला हात टाकाया लावायचाय त्याला."

मला पटलं. पटण्यासारखंच होतं. तिनं दुसऱ्या डब्यातली, तशीच राहिलेली आतडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि सरळ त्याच्या विम्याच्या ऑफिसात गेली. मी मागं, अडवायला म्हणा, बघायला म्हणा. व्हँडरकोक फोनवर होता. लेम्पीनं पिशवी त्याच्या टेबलावर उलटी केली. कागद भिजले, फोनवर किडे चढले. तो खुर्चीसकट भिंतीला टेकला.

"हे... हे काय आहे?"

"तुजंच हाय. परत आणलंय."

"वेडी आहेस का तू? मी जंगलात पाऊलसुद्धा टाकत नाही. मला डासांची ॲलर्जी आहे!"

लेम्पी टेबलावर वाकली. तिचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. तिच्या मानेवरची शीर उडताना मला मागून दिसत होती. तो दोन्ही हात तोंडावर धरून बसला, नवे दात झाकून. ती हात न उगारता निघून आली. बाहेर येऊन तिनं टेलिफोनच्या खांबावर बुक्की घातली. आवळलेल्या बोटांची सालटी गेली.

"त्यो न्हाई," ती म्हणाली. "त्यो भ्यालाय. भ्यालेलं मानूस कुऱ्हाडीचा असा घाव घालत न्हाई."

डार्लीनबाईंनी तिला बोलावून एवढंच सांगितलं, "ही शेवटची. यानंतर मला काही ऐकायचं नाही."

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवसांत डबे शोधणारी माणसं झाडीत फिरली तर त्यांचीच शिकार व्हायची, म्हणून आदल्या दिवशी सगळे डबे काढून आणायचा हुकूम निघाला. आम्ही सकाळपासून फिरलो, डबे काढले, मांस भरलेल्या पास्ट्या खाल्ल्या. उर्होच्या मचाणाखालचा चौथा डबा शेवटी राहिला.

तिथं पोचलो तर मचाणासमोर गाजरांचा ताजा ढीग. हरणांना ओढायला टाकतात तसा. मचाणाची फळी नवी. शिडीला नवी दोरी.

"कोण तरी बसतंय हितं," मी म्हणालो.

"मी बसते," वरून आवाज आला.

इम्पी साल्मी शिडीवरून उतरली. उर्होची बहीण. सत्तरी ओलांडलेली, नारिंगी कोट घोट्यापर्यंत, हातात कुऱ्हाडीचा नुसता दांडा. ही बाई जन्मभर भावाच्या घरात राहिली. त्यानं मारलेलं प्रत्येक हरीण हिनं सोललं, हिनं कापलं. दर रविवारी चर्चमध्ये आम्हाला दिसायची. आणि लेक, पुतण्या, भाऊ असं सगळं मोजताना आम्ही दोघांनी हिला मोजलंच नव्हतं.

"इम्पीबाई, डबा काढाया आलोय," लेम्पी म्हणाली.

"काढ की. वाक."

लेम्पी वाकली. दांडा तिच्या गळ्याच्या हाडावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. लेम्पी एका गुडघ्यावर आली. मी पुढं झालो तर दांडा माझ्याकडं वळला. "वॉल्या, तू मधी येऊ नगं. तुजी आई माजी मैतरीण हाय, पर तुजं टकुरं म्या फोडीन."

मी थांबलो.

"कुऱ्हाड मारली, कळलं न्हाई," इम्पी म्हणाली. "आतडी भरली, कळलं न्हाई. गोळ्या घातल्या. आनि किती सांगायचं?"

"तोंडानं सांगायचं हुतंस की!"

"तोंडानं? कुणाला? तुमी डबा ठेवताना इचारलंत का कुणाला तोंडानं?" आणि दुसरा तडाखा, खांद्यावर.

लेम्पी उठली. उजवा हात लोंबत होता, तोंड पांढरं पडलेलं. तरी ती इम्पीपेक्षा दोन वीत उंच आणि दुप्पट रुंद. तिनं डावी मूठ वळली, सोडली, परत वळली.

"मार की," इम्पी म्हणाली.

"न्हाई."

"त्या विमेवाल्याला बादलीनं मारलंस. आर्नेची बोटं मोडलीस. सख्ख्या बापाला लंगडा केलास. आन मला का न्हाई? म्हातारी म्हणून? बाईमानूस म्हणून?"

"माज्या किल्ल्या जात्यात, इम्पीबाई."

"आन माजं मचाण गेलं तर? तू कशापायी ठेवलास डबा हितं? सांग!"

"उर्होच्या मागं कुणी न्हाई म्हणून..." लेम्पी म्हणाली, आणि आपलंच बोलणं कानावर पडल्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

इम्पीनं दांडा टाकून दिला. ती जवळ आली आणि लेम्पीच्या तोंडावर थुंकली. मग उघड्या हातानं थोबाडीत मारली. एकदा, परत एकदा. सगळ्या अंगाचं वजन घालून मारत होती, तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ती ओरडत होती, "मी न्हाई? मी कुणी न्हाई?"

तेव्हा लेम्पीनं मारली. डावी, सरळ, पूर्ण. राखून नाही, म्हातारीला जपून नाही. जशी कुणाही गड्याला मारली असती तशी. इम्पीचं नाक आडवं झालं आणि ती गाजरांच्या ढिगात बसली. रक्त हनुवटीवरून नारिंगी कोटावर सांडलं. मला वाटलं मेली.

ती हसत होती. "आत्ता," ती म्हणाली. रक्ताची गुळणी थुंकली, नाक चाचपलं. "आत्ता घेऊन जा तुजा डबा."

मी दोघींना एकाच ट्रकमधून दवाखान्यात नेलं. दवाखान्यात लेम्पीनं झाडावरनं पडले असं सांगितलं, इम्पीनं काहीच सांगितलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी इम्पीनं मोठं शिंगाळं हरीण मारलं आणि शुक्रवारी ती मासे खायला पबमध्ये गेली, नाकावर पट्टी, दोन्ही डोळे काळेनिळे. बारपाशी उभं राहून तिनं सगळ्या गावाला सांगितलं. "हे लेम्पी कांगासनं केलंय. आन म्या तिचं हाड मोडलं."

सगळे खिदळले. टाउनो, चावलेला कान घेऊन, म्हणाला, "लेम्पीनं मारली असती तर तू हितं मासं खाल्लं असतंस व्हय? शिडीवरनं पडलीस म्हातारे, कबूल कर." इम्पीनं बियरचा मग त्याच्या दुसऱ्या कानावर फेकला. त्यावर आणखी हसले. ती पाठ फिरवून निघून गेली, ताटातला मासा तसाच ठेवून.

सोमवारी डार्लीनबाईंनी लेम्पीला बोलावलं. हात गळ्यात बांधलेला. मला साक्षीला. इम्पीलाही बोलावणं होतं. ती आत आली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

डार्लीनबाईंनी दार लावायचा प्रयत्न सोडून दिला. "लेम्पी, समिती खूष आहे. इतके लोक गावात कधी आले नव्हते. व्हँडरकोकचा वकीलही गप्प आहे. गावात सगळे म्हणतायत की इम्पीबाई शिडीवरून पडल्या." त्या थांबल्या. "तसंच झालं ना? तू फक्त हो म्हण."

मी जमिनीकडं बघत होतो. मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. शंभरदा म्हणालो असतो. रिंकचा बर्फ धरायला लागला होता, पहिले थर पडलेले, आणि लेम्पी मोडक्या हाडानं रोज तिथं जाऊन बसत होती.

लेम्पीनं दाराकडं बघितलं. इम्पी सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिच्याकडं बघत होती. विनवणी नव्हती त्यात. वाट बघत होती नुसती.

"न्हाई," लेम्पी म्हणाली. "म्या मारली. आन चांगली बसली."

"लेम्पी..."

"शिडीबिडी काय न्हाई. भांडाण झालं आमचं. तिनं माजं हाड मोडलं, म्या तिचं नाक फोडलं. तिच्या मचाणावरनं झालं." तिनं डाव्या हातानं कमरेचं जुडगं सोडायला घेतलं. हुक निघेना. मी पुढं झालो तर तिनं असं बघितलं की मी परत मागं सरलो. शेवटी पट्ट्याचं कातडंच फाटलं आणि किल्ल्या टेबलावर पडल्या.

"मूर्ख आहेस तू," डार्लीनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना राग आला होता.

"व्हय," लेम्पी म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर इम्पीचा ट्रक चालूच होता. मागं शिंगाळं, त्याची जीभ बाहेर, त्यावर बर्फ साठायला लागलेला. इम्पीनं पलीकडचं दार आतून ढकलून उघडलं.

"बस. दुसरं एक पाडलंय वढ्याकडंला. वढून आणाया पायजे."

"हाड मोडलंय माजं. तूच मोडलंयस."

"डावा हात हाय की. नाक सांगतंय माजं."

लेम्पीनं आमच्या जुन्या घराण्यांच्या फिनिश भाषेत तिच्या आईचा उद्धार केला. इम्पीनं तिच्या बापाचा केला, आणि वाइनोच्या बाबतीत तो खोटा नव्हता. मग लेम्पी चढली, दार आपटलं. ट्रक रिंकच्या रस्त्याला वळायला लागला तशी तिनं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"हिकडनं नगं," ती म्हणाली. "मागनं घे."

इम्पीनं ट्रक मागच्या रस्त्याला घेतला.